गाडी डावीकडं ओढतीय

 

मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीला गेलो, तेव्हा शेजारच्या दोन गावांच्या बायकांनी आम्हाला घेरलं. त्यांनाही आमच्यासारखी फिरती खानावळ काढायची आहे. कर्ज किती मिळालं, हप्ता किती बसतो, पत्र्याची बांधणी कुणाकडून केली, भजी परवडतात का भाकरी, सगळं विचारून घेतलं. टायरचं मात्र एकीनंही विचारलं नाही. आम्ही गाडी घेतली तेव्हा आम्हीसुद्धा कुणाला विचारलं नव्हतं. म्हणून आज टायरवर बोलायचं ठरवलंय. व्हील अलाइनमेंट आणि व्हील बॅलन्सिंग हे दोन शब्द तुम्ही टायरच्या दुकानाच्या पाटीवर वाचले असतील. ते काय असतं आणि आम्हाला ते कुठं शिकावं लागलं, ते सांगतो.

आमची गाडी म्हणजे लहान चारचाकी टेम्पो. मागच्या हौद्यावर पत्र्याची टपरी उभी केली. आत ओटा, दोन शेगड्या, भाकरीचा मोठा तवा, भांड्यांची मांडणी, १९ किलोचा सिलेंडर आणि दोनशे लिटरची पाण्याची टाकी. गाडी आठवडी बाजारांना जाते, चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला जाते, म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला जाते आणि आषाढात माउलींची पालखी फलटणला येते तेव्हा खाली उतरते. बांधणीचं काम चाललं होतं तेव्हा वेल्डिंगवाल्या दादांनी विचारलं, "टाकी कुठं बसवू?" आम्ही सगळ्याजणी एका आवाजात म्हणालो, ओट्याजवळ, हाताशी. ओटा डावीकडं, कारण गिऱ्हाईक रस्त्याच्या कडेनं येणार. मग टाकी डावीकडं, सिलेंडर डावीकडं, भांड्यांची मांडणीही डावीकडं. उजवीकडं पिशव्या अडकवायला खिळे आणि बसायला एक फळी. स्वयंपाकघर म्हणून बघाल तर अगदी झकास मांडणी होती. चाकांचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही.

जाता जाता एक सांगून ठेवतो. तयार गाडीत असा बदल केला की त्याची आरटीओत नोंद करावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठी आहे. ते कागद आमचे झाले होते. कागद नीट होते, वजन नीट नव्हतं.

गाडी चालवतात आमच्या गटातल्याच एक वहिनी. रीतसर शिकल्या, परवाना काढला. चारेक महिने सगळं छान चाललं. मग एका बैठकीत वहिनी म्हणाल्या, "गाडी डावीकडं ओढतीय. हात सैल सोडला की कडेला जाती." आम्ही गावातल्या गॅरेजवर दाखवली. तिथल्या माणसानं गाडी जागेवरच हलवून बघितली, हसला आणि म्हणाला, "काही नाही झालंय. बाईच्या हाताला जड लागत असंल." आता खरं सांगायचं तर, हे ऐकून आम्हाला राग यायला हवा होता. तसा आला नाही. उलट बरं वाटलं, कारण खर्च वाचला. पुढच्या दोन बैठकांत वहिनींनी तेच सांगितलं. इतिवृत्तात आम्ही लिहिलं, 'गाडीबाबत चर्चा झाली.' एवढंच.

पुढं पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत दिसायला लागली. गाडी टायर खातीय, असं मेकॅनिक लोक म्हणतात, ते हेच. बाहेरून बघितलं तर टायरची नक्षी चांगली जाडजूड. आत वाकून बघितल्याशिवाय काही कळत नाही, आणि वाकून बघतंय कोण? आम्ही रोज गाडी पुसायचो, हळदीकुंकू वाहायचो, पण टायरच्या आतल्या कडेला हात कधी लावला नाही.

मग आषाढ आला. पालखीच्या आदल्या दिवशी पहाटे गाडी भरली. साठ किलो पीठ, कांद्याची पोती, टाकी काठोकाठ, आत तीन बायका. दहिवडीकडून फलटणला उतरायचं म्हणजे मोगराळे घाट. घाट सुरू होऊन थोडंच अंतर गेलो असू, एवढ्यात फाट्कन आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग डावीकडं बसला. मागचं डावं टायर फुटलं होतं. आत बसलेल्या काकूंना वाटलं, सिलेंडरच गेला.

वहिनींनी काय केलं ते नीट ऐका, कारण गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीला ते माहीत असावं. त्यांनी ब्रेकवर पाय मारला नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं, गाडी सरळ ठेवली, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला. उतार होता म्हणून गिअर खाली घेतला, वेग मोडू दिला, आणि मग अगदी हलका ब्रेक देत गाडी कडेला घेतली. टायर फुटल्यावर जोरात ब्रेक दाबला तर गाडी फुटलेल्या बाजूला गरकन फिरते. घाटात फिरायला जागा नसते. तिघीजणी चालत्या पायांनी खाली उतरल्या, त्या वहिनींमुळं.

आणि त्यानंतर आम्ही काय केलं? पालखीचे दोन दिवस बुडाले, पीठ मिळेल त्या भावानं विकावं लागलं, नवीन टायरला गटाच्या अंतर्गत कर्जातून पैसे काढले. बैठक तापली. कुणी म्हणालं गाडी घ्यायलाच नको होती, कुणी म्हणालं बाईमाणसाच्या हातात द्यायला नको होती. ही दुसरी गोष्ट बायकाच म्हणत होत्या, हे लक्षात घ्या. शेवटी ठराव झाला की वहिनींच्या मानधनातून दरमहा पाचशे रुपये टायरपोटी कापायचे. ठराव आमच्याच हातानं लिहिला, खाली सही आमचीच आहे. वहिनींनी एक शब्द काढला नाही. सही केली आणि गाडीची किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवून गेल्या.

नवीन टायर बसवलं, फलटणमध्ये एका दुकानात संगणकावर अलाइनमेंट करून घेतली. पडद्यावर लाल आकडे होते, ते हिरवे झाले. छान वाटलं. तीन आठवड्यांत गाडी परत ओढायला लागली आणि नव्या टायरच्या नक्षीवर हात फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत, उलट फिरवला तर खिसणीसारखी खरखर. तेव्हा आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "आता चौथ्यांदा ती सांगतीय. चला, मी येते तुमच्यासोबत." वहिनी, अध्यक्षताई आणि आम्ही, अशा तिघी दुसऱ्या एका मेकॅनिककडं गेलो. हे दादा पुण्यात कॅरॅव्हानच्या गाड्यांवर काम करून आलेले.

कॅरॅव्हान म्हणजे काय, तर चाकावरचं घर. त्यालाच मोटरहोम म्हणतात. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, मोरी, पाण्याची टाकी, सगळं. अमेरिका-युरोपात लोक अशा गाड्या घेऊन महिनोन्‌महिने फिरतात. आपल्याकडंही राज्य शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. दादांनी आमच्या गाडीला एक फेरी मारली, आत डोकावले आणि म्हणाले, "ताई, ही तुमची मोटरहोमच झाली की. घर लावताना बाई ओटा बघती, चाक कुणी बघत नाही." या मोटरहोमवाल्यांची एक रीत त्यांनी सांगितली. ते लोक सगळी गाडी एकदम न जोखता एकेका चाकावर किती भार येतो ते जोखतात. कारण एकूण वजन बसत असलं तरी एकाच चाकावर जास्त ओझं येऊ शकतं.

आम्ही म्हटलं, मग आपणही जोखू. उसाच्या वजनकाट्यावर गेलो. गाडी नेहमीसारखी भरलेली, टाकी पूर्ण. आधी सगळी गाडी काट्यावर घेतली. मग फक्त मागची चाकं. मग गाडी कडेला घेऊन फक्त डावी बाजू. मग फक्त मागचं डावं चाक. काट्यावरचा पोरगा हसत होता, "मावशी, गाडी कापून विकायची का?" एक लक्षात ठेवा, असं तुकड्या-तुकड्यानं जोखायचं तर काट्याभोवतीची जमीन काट्याच्या पातळीत असायला हवी, नाहीतर आकडे चुकतात.

आमचे आकडे असे आले. एकूण १,५३० किलो. आरसीवर भरलेल्या गाडीचं जे कमाल वजन लिहिलं होतं, त्याच्या आत. म्हणजे पोलिसांच्या दृष्टीनं आम्ही बरोबर. पण डावी बाजू ८७० आणि उजवी ६६०. मागच्या उजव्या चाकावर ४०० आणि मागच्या डाव्या चाकावर ५६०. दादांनी टायरच्या अंगावरचा आकडा दाखवला, ८६. हा भाराचा सांकेतिक आकडा असतो. ८६ म्हणजे एका टायरनं जास्तीत जास्त ५३० किलो पेलायचे, तेही हवा पूर्ण असेल तर. आमचं फुटलेलं टायर तीस किलो जादा उचलत होतं, रोज, उन्हात. त्यात हवा भरणाऱ्यानं चारही चाकांत सारखीच हवा भरलेली. भरल्या टेम्पोला मागं जास्त हवा लागते, पुढचा आकडा वेगळा, मागचा वेगळा. तो गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. कमी हवेचं टायर ओझ्याखाली दबतं, त्याची कूस सारखी वाकते-उलगडते, आतून तापते, आणि एक दिवस फाटते.

अध्यक्षताईंनी काट्याची पावती हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग वहिनींकडं न बघताच म्हणाल्या, "हिच्या हाताला जड लागत नव्हतं. गाडीच जड होती."

आता अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. दोन्ही एकत्र बोलतात, पण कामं वेगळी आहेत. छताच्या पंख्याच्या एका पात्यावर मातीचा गोळा चिकटला तर काय होईल? हळू असताना काही कळणार नाही, वेग वाढला की पंखा लटलट हलायला लागेल. चाकाचंही तसंच. रिम आणि टायर कुठंतरी काही ग्रॅम जड असतात. चाक जोरात फिरलं की ती जड बाजू धक्के देते. आमच्या गाडीत साठच्या आसपास वेग गेला की स्टेअरिंग थरथरायचं. हे बॅलन्सिंगचं दुखणं. चाक काढून यंत्रावर फिरवतात, यंत्र सांगतं की आतल्या बाजूला अमुक ठिकाणी इतके ग्रॅम लावा, बाहेरच्या बाजूला इतके. मग रिमच्या काठाला वजनाचे छोटे तुकडे ठोकून बसवतात. लावल्यावर चाक परत फिरवून दोन्हीकडं शून्य येतं का, हे आपण उभं राहून बघायचं. पंक्चर काढताना टायर रिमवरून उतरवलं असेल तर परत बसवताना ते मागंपुढं सरकतं आणि बॅलन्सिंग बिघडतं. म्हणून टायर काढायच्या आधी व्हॉल्वसमोर टायरवर खडूनं खूण करायची आणि बसवताना ती खूण व्हॉल्वसमोरच आणायला लावायची. दोन पैशाचा खडू.

एक गंमत सांगतो. पावसाळ्यात एकदा गाडी अशीच थरथरायला लागली. आम्ही परत दुकानाच्या वाटेला लागणार, तेवढ्यात वहिनींनी चाकामागं हात घातला. रिमच्या आतल्या बाजूला शेताच्या वाटेवरचा काळा चिखल वाळून ढेप बसली होती. उलथण्यानं खरवडून काढली, पाण्यानं धुतली, थरथर बंद. तेव्हा आधी चिखल बघा, मग पैसे द्या.

अलाइनमेंट म्हणजे चाकं एकमेकांना आणि गाडीला धरून सरळ उभी आहेत का, ते बघणं. बैलजोडीतला एक बैल बांधाच्या कडबाळ्याकडं ओढत असला तर औत चालतं, पण तास वाकडा जातो आणि दोन्ही बैल दमतात. दुकानात तीन शब्द ऐकायला मिळतील. टो म्हणजे वरून बघितलं तर पुढची चाकं, आपण पायाचे चवडे आत किंवा बाहेर वळवून चालतो, तशी वळलेली आहेत का. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक आत किंवा बाहेर कललेलं आहे का. जुन्या बैलगाडीचं चाक कसं बाहेर कललेलं दिसायचं, तसं. कॅस्टर जरा अवघड आहे. सायकलचा पुढचा चिमटा सरळ खाली न येता तिरका पुढं येतो ना, त्या तिरकेपणानं सायकल आपोआप सरळ धावते. गाडीतही असा तिरकेपणा असतो. आमच्यासारख्या गाडीत, जिथं पुढं सरळ लोखंडी धुरा असतो, तिथं नट फिरवून मुख्यतः टोच जुळवतात. तेव्हा कुणी तिन्हीचे वेगळे पैसे सांगितले तर काय काय फिरवणार ते विचारा.

दादांनी अलाइनमेंटच्या यंत्राला हात लावायच्या आधी गाडी जॅकवर घेतली. पुढचं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं. खटखट आवाज आला. टाय रॉडचं टोक झिजून सैल झालं होतं. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, तिथं ठीक होतं. तिथं खेळ आला असता तर बेअरिंग किंवा किंगपिनचं दुखणं. म्हणाले, "हे सैल असताना यंत्रावर आकडे हिरवे केले, तरी पहिल्या खड्ड्यात परत लाल. आधी खुंटा घट्ट, मग जातं." आमचं पहिल्या दुकानातलं काम का टिकलं नाही ते तेव्हा कळलं. चालताना पुढची चाकं चवडे बाहेर वळवल्यासारखी फाकत होती, म्हणून आतली कड घासत होती. आणि ओढण्याचं कारण एकच नव्हतं. डावीकडचं वजन, त्यानं बसलेले डावीकडचे पाटे, डाव्या टायरात अपुरी हवा, सगळं मिळून. त्यात आपले रस्ते पाणी निघून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळं सगळ्याच गाड्या थोड्या डावीकडं सरकतात. म्हणून गाडी ओढते का हे बघायचं तर सपाट रस्त्यावर, मागंपुढं कुणी नसताना आणि हात स्टेअरिंगपासून दोन बोटांवर ठेवून.

टाय रॉडचं टोक बदललं. मग टाकीचा विषय. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, ते गाडीच्या मधोमध मागच्या धुऱ्यावर आणलं. सिलेंडर उजवीकडं गेला, भांडी दोन्हीकडं वाटली, न लागणारा एक जुना तवा घरी गेला. ओट्यापासून पाणी दीड हात लांब झालं, त्यावरून काकूंनी आठ दिवस कुरकुर केली. आता नळीला तोटी लावून दिलीय. परत काट्यावर गेलो. मागचं डावं चाक ४९०, उजवं ४६०. काट्यावरच्या पोरानं यावेळी चहा मागवला.

त्यानंतर अलाइनमेंट केली ती गाडी भरून. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक जण रिकामी गाडी नेतात. ज्या गाडीत ओटा, टाकी, मांडणी कायमची बसवलेली आहे, ती नेहमी जितक्या वजनानं धावते तितक्याच वजनानिशी यंत्रावर उभी करायची. फक्त सिलेंडर काढून ठेवला आणि त्याच्या जागी तेवढ्या वजनाचं ज्वारीचं पोतं ठेवलं. गॅरेजात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात, तिथं भरलेला सिलेंडर नेऊ नये. काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या. आमच्या फाईलीला ते लावलेत.

घरच्या घरी टो बघायची एक रीतही शिकलो, ती वहिनी आता दर महिन्याला करतात. गाडी सपाट जागेवर, स्टेअरिंग सरळ. पुढचं एकेक चाक जॅकवर उचलून फिरवायचं आणि नक्षीच्या मधोमध खडू टेकवून गोल रेघ ओढायची. दोन्ही चाकं खाली टेकवून गाडी आठ-दहा फूट पुढं ढकलायची, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. मग टेप घेऊन दोन्ही रेघांमधलं अंतर चाकाच्या पुढच्या बाजूला मोजायचं आणि तितक्याच उंचीवर मागच्या बाजूला मोजायचं. दोन अंतरांतला फरक म्हणजे टो. तो काही मिलिमीटरच असतो, नेमका किती हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं. दुरुस्तीच्या आधी आम्ही मोजलं तेव्हा पुढचं अंतर मागच्यापेक्षा नऊ मिलिमीटर जास्त होतं. दुकानाच्या यंत्राइतकं हे नेमकं नाही, पण बिघडलंय का हे कळायला पुरतं. गाडी उचलताना मागच्या चाकांना दगड लावा, आणि जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणी शिरू नका.

टायरकडं नुसतं बघितलं तरी बरंच कळतं. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. मध्यच झिजला, तर हवा जास्त. एकच कड झिजली, तर अलाइनमेंट. जागोजागी खळगे पडले, तर बॅलन्सिंग किंवा शॉकअप. नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं, मग टायर बदलायचंच. टायरच्या कुशीवर चार आकड्यांची तारीख असते, जसं २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. जुनं टायर घेताना ती वाचा. नक्षी जाड असून कुशीला बारीक भेगा असतील तर तो माल घेऊ नका, कितीही स्वस्त असो. हवा सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना बघायची. तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसतो, म्हणून लगेच हवा सोडायची नाही. आणि स्टेपनी विसरू नका. घाटात आमच्या स्टेपनीतही हवा नव्हती, हे तेव्हा बैठकीत सांगायला आम्हाला लाज वाटली होती.

आमच्यापैकी काही गटांकडं प्रवासी गाड्या आहेत. आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ पासून आहे, त्यातून गटाच्या सदस्य गाडी चालवतात. त्यांनी तर हे आमच्याआधी करायला हवं. आमच्याकडं पीठ होतं, त्यांच्याकडं शाळेची पोरं असतात.

खर्चाचं विचाराल. आम्हाला चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून साडेसहाशे रुपये पडले, टाय रॉडचं टोक वेगळं. दर पाच हजार किलोमीटरला आणि मोठा खड्डा आदळला की लगेच तपासायचं, असा ठराव केलाय. काही दुकानं दहा हजारांनाही चालेल म्हणतात. आमचे रस्ते बघता आम्ही पाच धरलेत. त्याच वेळी टायरांची अदलाबदल, पुढची मागं, मागची पुढं.

वहिनींच्या मानधनातून दोन महिने पाचशे कापले होते, ते हजार रुपये पुढच्या बैठकीत परत दिले. आधीचा ठराव रद्द करून नवा लिहिला, त्यात 'गटाची चूक झाली' हे शब्द अध्यक्षताईंनी सांगून लिहून घेतले. वहिनींनी पैसे मोजून घेतले. त्यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला एक वही द्या, गाडीची."

ती वही आता गाडीतच असते. तारीख, किलोमीटर, चार चाकांची आणि स्टेपनीची हवा, खर्च असे रकाने आहेत. शेवटचा रकाना वहिनींनी स्वतः आखला. त्याचं नाव आहे, 'हाताला काय लागलं'. बैठक सुरू झाली की बचतीच्या वसुलीआधी तो रकाना मोठ्यानं वाचला जातो. परवाची नोंद होती, 'ब्रेक मारल्यावर उजवीकडं किंचित'. सोमवारी गाडी ब्रेकसाठी गॅरेजला लावलीय, त्यामुळं या आठवड्यात बाजारात आमची भाकरी मिळणार नाही, पुढच्या आठवड्यात या.